गेटपर्यंत चाळीस पावलं

मी पडले ते नाचताना. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक तोंड पाडून विचारतात, "कशा हो पडलात, हिराबाय?" आणि मी "भाचीच्या हळदीत" म्हटलं की त्यांना हसावं की हळहळावं ते कळत नाही. पंचेचाळीस वर्षं मी मासळी बाजारात बर्फाच्या आणि खवल्यांच्या पाण्यातून चालले, एकदाही घसरले नाही. पडले ती वेसाव्याच्या मांडवात, कोरड्या ठणठणीत सतरंजीच्या काठाला पाय अडकून. बेंजोवाल्यांनी असा काही ठेका धरला होता की सदुसष्टाव्या वर्षीही बसून राहणं शक्य नव्हतं. मला त्या नाचाचा आजही पश्चात्ताप नाही. सतरंजीचा मात्र राग आहे.

मी काही लेखिका नाही. आमच्या कोळणींच्या संस्थेची वीस वर्षं चिटणीस होते, तेव्हा अर्ज-विनंत्या पुष्कळ लिहिल्या. त्यामुळे आत्ताही सुरुवातीला "सविनय सादर" लिहायला हात शिवशिवतोय. हा अर्ज मात्र कोणाकडे काही मागायला नाही. हाड मोडून पलंगावर पडलेल्या, आणि "आता आपलं संपलं" म्हणून भिंतीकडे तोंड केलेल्या एखाद्या बाईच्या हातात पडावा, एवढीच इच्छा आहे.

डॉक्टर बोलले तो दिवस

अंधेरीच्या हॉस्पिटलात फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, खुब्यातला गोळा मोडलाय, तो काढून नवा बसवावा लागेल. माझा मुलगा भालू पांढराफटक पडला. भर समुद्रात वादळ बघितलेला माणूस, पण आईचा फोटो बघून खुर्चीवर बसला. मी घाबरले नाही. बोटीचं इंजिन नाही का आपण बदलत? मोडलं ते काढायचं, नवीन टाकायचं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा सून, प्रीती, चहा आणायला खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही चालाल. पण मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. पाटावर, जमिनीवर अजिबात बसायचं नाही."

"किती दिवस?"

"आता कायमचंच सांभाळायचं."

तेव्हा मी घाबरले. आमचा धंदा बसून करायचा. बाजारात सिमेंटचा ओटा, त्यावर पाट, पाटावर एक पाय दुमडून आम्ही, समोर लाकडी ठोकळा आणि हातात कोयता. त्या ओट्यावर माझ्या आधी माझी सासू बसायची. तिथून मी भालूला वाढवलं, घरावर स्लॅब टाकला, दिराची दोन लग्नं लावली. (पहिली बायको वारली म्हणून दुसरं. उगाच गैरसमज नको.) पाटावर बसता येत नसेल तर माझा ओटा गेला. आणि ओटा गेला तर घरात खिडकीशी बसलेली एक म्हातारी उरते, ती मला ओळखीची वाटेना.

प्रीती चहा घेऊन आली. मी तिला काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फाइलमध्ये एक्स-रेच्या पाकिटाखाली सरकवला.

पैसे कोण भरणार?

घरी नेणं शक्य नव्हतं. आमची खोली वरच्या मजल्यावर, अरुंद लोखंडी जिना, अठरा पायऱ्या. भालू आठ-आठ दिवस बोटीवर. प्रीती पहाटे बंदरावर मासळी घ्यायला, मग दिवसभर ओट्यावर. मला उठवायला, बसवायला, चालवायला माणूस हवं होतं. तेव्हा ऑपरेशन झालेले लोक पैसे भरून जिथे राहतात, अशा केअर सेंटरचा विषय निघाला.

माझी थोरली जाऊ हॉस्पिटलातच डोळे पुसायला लागली. "शेवटी हिराला आश्रमात टाकली." भालू म्हणाला, "आये, मी कर्ज काढतो." मी दोघांनाही गप्प केलं. मला कोण टाकतंय? मी जातेय, माझ्या पैशानं. बँकेतली ठेव होती, कमी पडलं त्याला एक पाटल्यांचा जोड होता. आमच्याकडे सोनं मिरवायला असतं तसं अडीनडीलाही असतं. पाटल्या प्रीतीच्याच हाती सोनाराकडे पाठवल्या. ती परत आली, पावती माझ्या उशाशी ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मनात म्हटलं, हिचा डोळा होता वाटतं पाटल्यांवर. वाईट वाटलं, पण तोंडानं काही बोलले नाही. मी गप्प राहिले म्हणजे किती वाईट वाटलं असेल, ते आमच्या बाजारातल्या बायकांना विचारा.

भालूनं पलंगाशेजारी बसून फोन लावले, स्पीकरवर. पहिल्या दोन ठिकाणी मला कोणी विचारेचना. "पेशंट काय खाते? पेशंटला समजतं का सगळं?" पेशंट तिथेच पडून ऐकत होती आणि तिला सगळं समजत होतं. तिसरा फोन घाटकोपरला लागला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "पैसे कोण भरणार?"

भालू म्हणाला, "आई."

"मग फोन आईला द्या ना. तुमच्याशी काय बोलू?"

हे किरीटभाई. मी ठरवून टाकलं, जायचं तर इथेच. शिवाय घाटकोपर म्हणजे आमच्या वेसाव्याच्या मेट्रोचं दुसरं टोक, प्रीतीला गाडी बदलायला नको.

किरीटभाईंनी महिन्याचा आकडा सांगितला. मी सवयीनं निम्मा सांगितला.

"हिराबेन, ही काय भाजी आहे?"

"भाजी असती तर आणखी कमी सांगितला असता."

वीस मिनिटं चाललं आमचं. शेजारच्या पलंगावरची बाई कण्हायची थांबून ऐकत होती. शेवटी सौदा ठरला: भाव बराच उतरवायचा, पण तीन महिन्यांचे पैसे एकदम, आणि मधे सोडून गेले तर परत काही नाही. मी फोन ठेवला तेव्हा ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली.

दाखल होताना फॉर्म आला. "पैसे भरणाऱ्याचे नाव" आणि पुढे "रुग्णाशी नाते". नाव लिहिलं. नात्याच्या जागी लिहिलं, "मीच". किरीटभाईंनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

कल्ले न बघता

पहिल्या दुपारी ताट आलं. मुगाची खिचडी, कढी, दुधीची भाजी. म्हटलं, ठीक, आजारी माणसाला पहिल्या दिवशी हलकं देत असतील. दुसऱ्या दिवशी तोंडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी. मी आयाबाईला हळूच विचारलं, "मासळी कोणत्या वारी असते गं?"

ती बिचारी हातातला तांब्या धरून उभीच राहिली. "मावशी, इथं कांदा-लसूणपण नाय."

मासा घेताना मी कल्ले उघडून बघते. लाल आहेत की काळपट, बोटाला चिकट लागतं का, डोळा वर आलाय की आत गेलाय. सुनेला हेच शिकवत आले. आणि इथे भाव पाडायच्या नादात कल्ले न उघडताच तीन महिन्यांचा माल घेऊन बसले होते. प्रीतीला फोन करून सांगितलं तर ती इतकी हसली की पाटल्यांचा रुसवा तेवढ्यापुरता विसरली. "आई, सगळं विचारलंत, गरम पाणी विचारलंत, पंखा विचारलात, जेवायला काय ते नाही विचारलं?"

माझ्या शेजारच्या पलंगावर कांताबेन. घाटकोपरातच त्यांचं साड्यांचं दुकान होतं, नवऱ्यामागे त्यांनी एकटीनं चालवलं. अर्धांगाचा झटका येऊन डावा पाय गेला होता, बोलणं शाबूत. त्याही स्वतःच्या पैशानं राहणाऱ्या. मी कोळीण आहे कळल्यावर पहिले दोन दिवस त्या माझ्याकडे पाठ करून झोपल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "भाव किती पाडला?" मी सांगितलं. त्या ताडकन माझ्याकडे वळल्या. "मला नाय एवढा कमी केला!" तिथून आमची मैत्री.

दिवस ठरलेला असायचा. सहाला उकाळा, साताला अंग पुसणं, दहाला फिजिओथेरपीची नेहा. मुलुंडहून यायची, पंचविशीची, हसरी आणि अजिबात दया नसलेली. दुपारी आयाबाई केसांना तेल लावायची. पंचेचाळीस वर्षांत दुपारी कोणी माझ्या डोक्याला तेल लावलं नव्हतं. त्या तेलाचे पैसे भरलेत या विचारानं ते जास्तच छान वाटायचं. उपकार कोणाचे नाहीत, लाज कशाची नाही. "जरा मागच्या बाजूला चोळ गं," असं मी बिनधास्त सांगायची.

पण चालणं जमेना. वॉकर धरून मी उठायची, बारा पावलं टाकायची आणि उभी राहायची. नेहा म्हणायची, "मावशी, पायात ताकद आहे तुमच्या. मग थांबता का?" मी म्हणायची, दुखतं. दुखायचंही. खरं कारण वेगळं होतं. चालून जायचं कुठे? ओटा तर गेलाच होता. ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती आणि ती पोटात ठेवून तेरावं पाऊल उचलत नव्हतं.

एका दुपारी मी उशीत तोंड खुपसून रडले. कांताबेनना ऐकू गेलं.

"हिराबेन, तुम्ही रडायचे पैसे भरले काय?"

"नाही."

"मग फुकट कशाला रडता?"

रडता रडता हसू आलं की नाकातून पाणी येतं, तसं झालं.

डबा

प्रीती सोमवारी यायची. सोमवारी बरेच लोक मासळी खात नाहीत, बाजार थंड असतो. चौथ्या सोमवारी ती आली ती पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, आणि सगळ्यांच्या पोटात एक स्टीलचा डबा घेऊन. "वास येणार नाही," म्हणाली. सुक्या बोंबलाची चटणी, लसूण आणि लाल मिरची घातलेली. मी झाकण जरासं, अगदी नखाएवढं उचललं.

कांताबेननी पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं घंटी दाबली ती दाबूनच धरली. स्वयंपाकघरातून महाराज झारा घेऊन धावत आले. पलीकडच्या खोलीतले एक आजोबा, जे महिनाभर डोळे उघडत नव्हते, ते म्हणे उठून बसले. आणि किरीटभाई दारात.

"हिराबेन! असा नाय चालणार!"

प्रीती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "का नाय चालणार? माझ्या सासूनं पैसे मोजलेत."

"पैसे मोजले म्हणून आमचा नियम विकत घेतला काय?"

"प्रीती, गप बस," मी म्हटलं. "सौदा बोलला तो बोलला. मी विचारलं नाही, चूक माझी. डबा घेऊन जा."

बाजारात माझं नाव आहे ते यासाठी. शब्द दिला की गिऱ्हाईक अर्ध्या तासानं आलं तरी तोच भाव. तेव्हा माझा जीव त्या डब्यात अडकला होता, तरी मी झाकण घट्ट लावून डबा परत दिला. ते बघून किरीटभाई विरघळले. म्हणाले, "गेटच्या बाहेर बाक आहे. तिथे आमचा नियम नाय. तिथे बसून खा काय खायचं ते."

मी म्हटलं, "मग व्हीलचेअर आणा."

"व्हीलचेअर नाही," मागून नेहा म्हणाली. ती कधी आली होती कोण जाणे. तिनं प्रीतीच्या हातातून डबा घेतला, तरातरा गेली, गेटबाहेरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून परत आली. "मोजली मी. तुमच्या पलंगापासून बाकापर्यंत चाळीस पावलं. डबा तिकडे, तुम्ही इकडे. काय ते ठरवा, मावशी."

मला असा राग आला म्हणून सांगू! त्याच रागात मी त्या दिवशी सोळा पावलं टाकली.

चाळीस

दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग बावीस. पंचविसाव्या पावलावर स्वयंपाकघराचं दार लागायचं, तिथे महाराज "जय श्रीकृष्ण" म्हणून बाजूला व्हायचे. एकोणतिसाव्यावर किरीटभाईंचं टेबल. कांताबेननी हट्ट धरून आपली चाकांची खुर्ची माझ्या मागे ढकलवत आणायला सुरुवात केली. नाकाला पदर, आणि पदराआडून गुजरातीत मोजणी. मी बत्तिसावर थांबले की त्या ओरडायच्या, "दुकान बंद करायची वेळ नाय झाली अजून!"

सातव्या दिवशी, "ओगणचालीस... चालीस!" आणि माझ्या मागे बाक. बाक चांगला उंच होता, नेहानं आधीच बसून बघितला होता. आयाबाईनं तिच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. मी झाकण पूर्ण उघडलं. पहिला घास तोंडात घातला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरचीमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. कांताबेन गेटच्या आत खुर्चीत, पाठ फिरवून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "झाला का एकदाचा? हात धुऊन या."

पुढच्या सोमवारी प्रीती आली तेव्हा मी बाकावर तिची वाट बघत होते. तिला शेजारी बसवलं आणि पोटातलं सांगून टाकलं. पाटावर बसणं कायमचं बंद. ओटा आता तुझा. मी हे लपवलं, चुकले.

प्रीती म्हणाली, "मला माहितेय."

"कसं?"

"फाइल तुम्ही उशीखाली घेऊन झोपायच्या. इतकं काय जपताय म्हणून वाचली."

मग तिनं मोबाइल काढला. फोटोत आमचा ओटा, पण पाट नाही. ओट्यापुढे उंच लाकडी टेबल, त्यावर ठोकळा, आणि प्रीती उभी राहून सुरमई कापतेय. "पाच आठवडे उभ्यानं कापतेय. आपल्या बोटीच्या सुताराकडून करून घेतलं. जमतं की नाय बघत होते. सगळ्या हसल्या मला. हॉटेल काढलंस का म्हणाल्या. हसू देत."

"माझ्यासाठी केलंस?"

"तुमच्यासाठी कशाला? माझी पण कंबर जाते त्या पाटावर." आणि मग दुसरीकडे बघत, "तुमच्यासाठी खुर्ची करायला टाकलीय. उंच. पाय टेकायला खाली फळी."

मी म्हटलं, "मला वाटलं, पाटल्या मोडल्या म्हणून रुसलीस."

"पाटल्यांचं काय घेऊन बसलात? मोडायला मला पाठवलंत, पण एकदा तरी विचारलंत, प्रीती, तू काय देशील? माझी भिशी लागली होती तेव्हा. मी काय परकी?"

पंचेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याच्या मनातलं ओळखलं म्हणून मिरवत होते. घरातल्या चेहऱ्यावर साफ आपटले. स्वतःचे पैसे स्वतः भरणाऱ्यांना एवढंच सांगते, जरूर भरा, ताठ मानेनं भरा. पण घरातलं कोणी हात पुढे करत असेल तर तो हात बघा तरी. त्या महिन्यात प्रीतीच्या भिशीतून मी काठी घेतली, चांगली, रबरी बुडाची.

काठी

शिमग्याच्या आधी चार दिवस मी घरी आले. नेहानं सेंटरच्या जिन्यावर रोज घोटून घेतलं होतं. आमच्या लोखंडी जिन्याच्या अठरा पायऱ्या मी कठडा धरून चढले, मागे भालू दोन्ही हात पसरून, मासा निसटू नये तसा. होळीपुढे मी नाचले नाही. ताल मात्र धरला, बसल्या बसल्या.

मग ओटा. बोटीच्या जुन्या फळ्यांची खुर्ची, चांगली रुंद. सगळ्या बायका खाली पाटावर आणि मी वर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी टर उडवली, "आली राणीसाहेब!" प्रीती कापते, मी भाव बोलते, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन. आठवड्याभरात शेजारच्या दोघी सुताराचा नंबर मागून गेल्या.

दहा-बारा दिवस झाले असतील. भर बाजाराच्या वेळेला एक पोरगी धावत आली. "हिराबाय, बाजाराच्या गेटवर एक शेठ उभा आहे, नाकाला रुमाल लावून. तुमचं नाव घेतोय. आत या म्हटलं तर येत नाय."

मी खुर्चीवरून उतरले आणि निघाले. खाली बर्फाचं पाणी, खवले, टोपल्या, माणसांची ही रेटारेटी. मागून प्रीती ओरडली, "आई, पाणी आहे! सांभाळून!" मी पोहोचलेसुद्धा.

गेटबाहेर किरीटभाई. एका हातानं नाक धरलेलं, दुसऱ्या हातात माझी काठी. "कांताबेनच्या पलंगाला अडकवून विसरून आलात. पंधरा दिवस झाले. कांताबेननी डोकं खाल्लं माझं, हिराबेन पडतील, देऊन या, देऊन या."

मला तोवर काठी हरवल्याचा पत्ताही नव्हता. "सोमवारी येते म्हणून सांगा त्यांना," मी म्हटलं. "खिचडी खायला. आणि तुम्ही आत या ना, किरीटभाई. ओटा तरी बघा."

"नाय, नाय. गेटच्या बाहेर बरा आहे मी." रुमालाआडून हसले. मग त्यांनी माझ्या मागे, थेट ओट्यापर्यंत नजर टाकली, ओल्या फरशीवरून परत माझ्या पायांशी आणली. "किती पावलं झाली ही?"

मी मागे वळून बघितलं. टेबलामागे प्रीती कोयता हातात धरून अजून माझ्याकडेच बघत उभी होती. मी मोजलीच नव्हती.